बिलाच्या पाठीमागं

वडगावात माग खडखडायच्या आत
चार साड्यांचे फॉल संपवलेत,
पाचवी घडी घालून बाजूला ठेवली.
गिऱ्हाईक आलं तर सांगायला कन्नड आहे माझ्याकडं:
नाळे बर्री. उद्या या.
एष्टु, कम्मी, साकु, चिल्लर इल्ल.
लग्न होऊन आले तेव्हापासून एवढं साठलं,
सगळं बाजाराचं.
ह्यात पोरीबद्दल विचारता येत नाही.

प्रगतीपत्रक दोनदा काढलं, दोनदा पिशवीत घातलं.
अक्षरं लागत नाहीत मला, आकडे लागतात.
पंचवीसपैकी अकरा.
अकराखाली तांबडी रेघ.
मागच्या वेळी सही केली ती बाईंच्या रकान्यात,
ह्यांना अजून सांगितलेलं नाही.
ह्यांची पहिली पाळी, उद्यमबागला, फौंड्रीत.
"तूच जाऊन ये," म्हणाले डबा घेताना,
बुटाच्या नाडीकडं बघत.

वाक्य गिरिजव्वानं दिलं, भिंतीवरून,
विरजण द्यावं तसं.
मी ते एका बिलाच्या पाठीमागं आपल्या अक्षरात उतरवलं:
नम्म हुडगी हेंग ओडताळ्री?
भाकरी थापताना म्हटलं,
तव्यातल्या भाकरीवर पाणी फिरवताना म्हटलं,
वेणी घालताना म्हटलं तेव्हा
ईश्वरी माझ्या गुडघ्यांत बसल्याजागी इतकी हसली
की रिबीन सुटली हातातून.
"आई, तू विचारायलीस, पोरगी कशी पळते!
ओद म्हण. द. दप्तराचा द.
ड म्हटलं की पळणं."

मी ड खोडला, वर द काढला.
"खरं मग," म्हटलं, "कशी पळतेस?"
ती रिबीन बोटाला गुंडाळत बसली.
"घेत नाहीत."
"का गं?"
"पळताना तोंडातून मराठीच येतं.
धर, धर म्हणून ओरडते. मग हसत्यात."

वेणीचा तिसरा पेड हातात तसाच राहिला.

मागच्या खोलीत मामा खोकले.
पोरीला ह्या शाळेत घातली तेव्हा
आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला नव्हता त्यांनी.
ट्रंकेत त्यांची एक नोव्हेंबरची काळी फीत आहे,
दरवर्षी मीच इस्त्री करून देते.
गल्लीतल्या आपल्या शाळेत पाचवीचा वर्ग उरला नाही
हे त्यांना ठाऊक आहे,
खरं ठाऊक असणं वेगळं.
पेपरातून डोकं न काढता म्हणाले,
"शेवटचं री खाऊ नकोस. बाई आहेत त्या.
री नसलं तर भांडायला आल्यासारखं वाटतंय."
आणि बऱ्याच वेळानं, पान उलटून,
"खुर्ची दिली तर बस. उभ्यानं बोलू नकोस."

अबोली काढली, परत ठेवली.
हिरवी नेसले. पदराला दोन पिना.
गावाच्या साड्यांना फॉल लावते,
माझ्या हिरवीला नाही,
निऱ्या पायाशी उडतात.
पायानंच दाबून बघितल्या.

साडेदहाला बोलावलंय. दहाला पाच आहेत.
बिलावर आता दोन ओळी.
पहिली द ची.
तिच्याखाली, गिरिजव्वाला न विचारता,
तेच वाक्य, ड तसाच ठेवून.

आधी पहिली विचारीन.
अकरा का पडले ते ऐकून घेईन,
कळेल तेवढ्याला मान हलवीन,
न कळेल त्यालाही.
मग दुसरी.
हुक्केरी टीचरना वाटेल, बाई चुकली.
मला सुधारतील, ओद म्हणा म्हणतील.
मी परत ड म्हणीन.

री दोन्हीकडं लावलंय.